लीग संपेपर्यंत

७ सप्टेंबर १९८०, रविवार

स्पेनची फुटबॉल लीग आजपासून सुरू. शेजारचा अँटोन सकाळीच शॉर्टवेव्ह रेडिओ काखेत मारून आमच्या दारात हजर. त्याच्या घरात स्टेशन लागत नाही, आमच्या मागच्या खोलीत लागतं, असा त्याचा दावा आहे. खरी गोष्ट अशी की एकट्याने ऐकायचं म्हातार्‍याच्या जिवावर येतं. तो बास्क, तिकडून मेंढ्या राखायला तीस वर्षांपूर्वी आयडाहोत आला आणि इथेच राहिला. बॉयसीत बास्क लोक पुष्कळ, पण ते सगळे बिल्बाओच्या बाजूचे. हा एकटा सान सेबास्टियनवाला. त्याची टीम रेआल सोसिएदाद. मागच्या वर्षी ती टीम हंगामभर एकही मॅच हरली नाही आणि शेवटून दुसरी हरली. तेवढ्यात रेआल माद्रिदने लीग उचलली. नंतरचे कितीतरी दिवस अँटोन अंगणात नुसता येरझारा घालत होता, ते मी पाहिलंय.

"ह्या वर्षीचं तू लिहून ठेव," म्हणाला. "तू इंजिनिअर आहेस. आणि वर नाव घाल."

घालतो. धर्मराज गजभिये, वय चाळीस, मूळचा कामठीचा, जिथे पोरं चालायला लागली की आधी फुटबॉलला लाथ मारतात. मीही लेफ्ट विंगला खेळलोय. कांता म्हणते, लग्नानंतर मला दोन ओळींचं पत्र कधी लिहिलं नाहीत, आणि आता स्पेनच्या लोकांसाठी वही. बारा वर्षांची आमची दीपा म्हणते, "बाबा, यू डोन्ट ईव्हन नो स्पॅनिश." तिला काय सांगायचं, गोल कोणत्याही भाषेत कळतो.

जेवण गेलं नाही. दोन घास वरण-भात छातीशीच बसला. इनो घेतलं.


२१ सप्टेंबर

पँट कमरेवर राहीना, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. ऑफिसात वॉल्टर, माझा बॉस, म्हणाला, "यू लुक ग्रेट, डायटिंग?" मी हो म्हणून टाकलं. खोटं कशाला, बरंच वाटलं. कामठीला मॅचच्या दिवसांत असायचो तसा दिसतोय. फक्त जेवल्यावर पाठीत दुखतं. खुर्चीचा दोष असेल.

अँटोनला सगळ्यात अपशकुन दिसतात. रेडिओत खरखर झाली तरी म्हणतो, "बॅड यिअर." मी त्याला म्हटलं, आम्ही बौद्ध, आमच्यात शकुन-अपशकुन नाही. तो म्हणाला, ते तुमचं, माझ्या टीमला लागू नाही.


६ ऑक्टोबर, सोमवार

काल मॅच चालू असताना उलटी झाली, काळपट, कॉफीसारखी. कांता घाबरून गेली. तिने लगेच पुरुषोत्तमला फोन लावला. डॉ. पुरुषोत्तम मूळ पुण्याचा, इथल्या हॉस्पिटलात फिजिशियन. गावात आमच्याखेरीज मराठी घर ते एकच, त्यामुळे ताप असो की गणिताचा होमवर्क, आमचा पहिला फोन त्यालाच जातो. आज दिवसभर तपासण्या. नळी घशातून घातली. असं वाटलं की जीव जातो. पुरुषोत्तम म्हणाला, "अल्सर दिसतोय रे धर्मा. तिखट खाऊन खाऊन केलंस हे." ऑपरेशन करावं लागेल.

त्याला सावजी मटण माहीत नाही, म्हणून असं बोलतो.


१९ ऑक्टोबर, दसरा

हॉस्पिटलातून परवा घरी आलो. पोटावर वरपासून खालपर्यंत टाके. अर्धं पोट काढलं म्हणे. अल्सर मोठाच असणार.

एक गंमत झाली, लिहून ठेवतो. ऑपरेशननंतर तो अमेरिकन सर्जन खोलीत आला, खुर्ची ओढून माझ्या जवळ बसला, हात हातात घेतला आणि म्हणाला, "मिस्टर गॅजबी..." माझ्या नावाचं त्याने जे केलं त्याला मी हसणार, तेवढ्यात पुरुषोत्तम घाईघाईने आत आला आणि त्याच्या खांद्याला धरून बाहेर घेऊन गेला. दाराबाहेर दोघांचं बराच वेळ चाललं होतं. आवाज चढलेला होता. "फॅमिली" हा शब्द दोनतीनदा ऐकू आला. नंतर सर्जन परत आलाच नाही. पुरुषोत्तम म्हणाला, बिलाचा काहीतरी घोळ होता, मी मिटवला. मित्र असावा तर असा.

आज दीक्षाभूमीवर माय गेली असेल. धाकटा भाऊ कुमार तिला दरवर्षी कामठीहून नेतो. छप्पन साली तिने माझा हात धरून नेलं होतं, मिलमधून बिनपगारी सुट्टी काढून. गर्दीत हात सुटू नये म्हणून तिने माझ्या मनगटाला आपल्या पदराची गाठ मारली होती. मी सोळा वर्षांचा घोडा, मला लाज वाटत होती. ऑपरेशनचं तिला पत्राने कळवलं, अल्सर होता, काढला, बरा आहे.


२ नोव्हेंबर

पुरुषोत्तमच्या क्लिनिकमध्ये दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन घ्यायचं ठरलंय. पोटाचं अस्तर भरून येण्यासाठी. इंजेक्शन दिल्यावर दोन दिवस तोंड येतं, भात गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं. विचारलं तर म्हणतो, "व्हिटॅमिन्स आहेत रे, थोडी स्ट्राँग आहेत."

लीगमध्ये सध्या अ‍ॅटलेटिको ह्या माद्रिदच्याच दुसर्‍या टीमची हवा आहे. अँटोन म्हणतो, पुढे धावणारा धापा टाकत मागे येतो, बघत राहा. टीमबद्दल इतकं चांगलं तो पहिल्यांदाच बोलला.


१३ नोव्हेंबर

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की कांता फोनवर गप्प होते आणि मग एकदम, "हो, हो, रेसिपी सांगते उद्या." पुरुषोत्तमला रेसिपी. तो माणूस चहासुद्धा बायकोच्या हातचा पितो.

नको ते विचार मनात येऊन गेले, खोटं लिहीत नाही. पुरुषोत्तम गोरा आहे, घारा आहे, बोलणारा आहे. पण मग कांताकडे बघितलं, तिची वेणी घातलेली नव्हती, डोळे सुजलेले, आणि माझी मलाच शरम वाटली. तसलं काही नाही. दुसरंच काही आहे.


२३ नोव्हेंबर, रविवार

कळलं काय आहे ते. माझी नोकरी जाणार.

वॉल्टरने परवा बोलावलं आणि म्हणाला, जड प्रोजेक्ट दुसर्‍याला देतोय, तू जमेल तसं येऊन-जाऊन काम कर, "टेक ऑल द टाइम यू नीड." ही माणसं डोक्यावर बर्फ ठेवून मान कापतात. त्याची बायको कांताला सुपरमार्केटात भेटते, तिथे हिला कळलं असणार, आणि आजारी माणसाला धक्का नको म्हणून ही लपवतेय. म्हणून सगळ्यांचं गोड वागणं. दीपासुद्धा परवा न सांगता माझ्याजवळ येऊन बसली आणि माझे पाय दाबले. अमेरिकेत जन्मलेलं पोर. मी विचारलं, काय पाहिजे? म्हणाली, "नथिंग, बाबा."

मीही काही बोललो नाही. त्यांना वाटतं मला कळलं नाही, तर वाटू दे.


७ डिसेंबर, रविवार

सोसिएदाद मध्यंतरी माद्रिदला जाऊन एका गोलने हरली, त्या दुःखातून अँटोन अजून वर आलेला नाही. आणि इकडे आमच्या घरात दुसरी लढाई.

कांता म्हणते, आपण ह्या नाताळात कामठीला जाऊ. आईंना भेटून येऊ. मी म्हटलं, आत्ता? ती म्हणाली, आत्ताच. तिकिटं मी बघते, पुरुषोत्तम भाऊजी म्हणाले की आत्ता प्रवास झेपेल.

आता ह्या बाईला काय म्हणावं. नोकरी जाणार हे हिला माहीत, मला माहीत, आणि तिघांची तिकिटं काढायची? मी सुट्टीवर गेलो की वॉल्टरला आयतंच कारण. शिवाय असा हाडांचा सापळा होऊन मायसमोर उभा राहू? ती रडरड करेल, कामठीभर सांगत फिरेल, अमेरिकेत पोराला खायला मिळत नाही. वजन भरू दे, मग जाऊ. आणि खरं सांगायचं तर लीगसुद्धा आहेच. आता कुठे रंगात येतेय, आणि अँटोनला एकट्याला सोडून कुठे जाऊ.

"पुढच्या डिसेंबरला नक्की," मी म्हटलं.

त्यावर कांता जे रडायला लागली, ते मला काही झेपेना. म्हणाली, "तुम्ही माझं एवढं एक ऐका हो, परत कधी काही मागणार नाही." मी चिडलो. म्हटलं, तुझ्या बहिणीच्या नणदेचं लग्न आहे डिसेंबरात, मला ठाऊक नाही का, मिरवायला जायचंय तुला. तिने पदराने डोळे पुसले. मग उठून आत गेली.


१४ डिसेंबर

पुरुषोत्तमही येऊन सांगून गेला. "जाऊन ये ना यार, आईला बरं वाटेल." मी सरळ विचारलं, माझ्या तब्येतीचं काही आहे का? तो हसला. "छे रे, ठणठणीत होशील. मी आहे ना." मग म्हटलं, ठणठणीत होणार असेन तर ठणठणीत होऊनच जाईन. तो उठला. चहा अर्धा ठेवून गेला.

मायला पत्र टाकलं, ह्या वर्षी जमत नाही, पुढच्या डिसेंबरला नक्की येतो.


११ जानेवारी १९८१, रविवार

आठवडा झाला, गावावर धुकं बसलंय, ऊन नाही, डोंगर दिसत नाहीत. कोट घालूनही थंडी हाडात जाते. पायर्‍या चढताना मध्ये थांबावं लागतं. पुरुषोत्तम म्हणतो, हवेमुळे. सगळ्या गावालाच हवेचा त्रास आहे म्हणे, पण अँटोन साठीच्या पुढचा असून शिडी लावून छत साफ करत होता.

अँटोन हल्ली वेगळाच वागतो. पूर्वी माझ्याशी भांडायचा, लेफ्ट विंगबद्दल मला काही कळत नाही म्हणायचा. आता मी काहीही बोललो तरी, "यू आर राइट, धर्मा." काय मजा नाही त्यात. त्याला म्हटलं, सप्टेंबरात नवीन लीग सुरू होईल तेव्हा आपण दोघं सान सेबास्टियनला जाऊ, मैदानात बसून पहिली मॅच बघू. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शुअर." मागच्या वर्षी हेच म्हटलं असतं तर त्याने तेव्हाच कोण कुठे बसणार ते ठरवलं असतं.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल स्पेनमध्ये पिस्तुलं घेऊन शिपाई संसदेत घुसले. सगळ्या खासदारांना बाकांखाली झोपवलं. अँटोन रेडिओला कान लावून बसला होता, चेहरा पांढराफटक. त्याच्या बापाला यादवी युद्धात रात्री नेलं होतं, ते परत आले नाहीत, हे मला आज कळलं. बारा वर्षं शेजारी राहतोय. आज सगळं निवळलं, बंड फसलं. पण अँटोनने अजून रेडिओ बंद केला नव्हता. म्हणाला, "मी म्हटलं होतं, वाईट वर्ष आहे." ह्या वेळी मी बौद्धपणा शिकवला नाही.


३ मार्च

आणि आता हे. बार्सिलोनाचा सगळ्यात जास्त गोल करणारा गडी रविवारी मॅच संपवून बायकोमुलांना आणायला विमानतळाकडे निघाला आणि वाटेतूनच कोणी पळवून नेला. कुठे ठेवलाय पत्ता नाही. आता लीगचं काय व्हायचं ते होवो, असं अँटोनसुद्धा म्हणाला.

मला राहून राहून त्या माणसाचंच मनात येतं. कुठल्यातरी बंद खोलीत बसला असेल. बाहेर सगळा देश त्याच्याबद्दल बोलतोय, रडतोय, बायकोची झोप उडालीय, आणि त्याला त्यातलं अक्षर माहीत नाही. विचार करत असेल, जेवायला आज काय देतील. कांताला हे बोललो तर तिच्या हातातली वाटी पडली. हल्ली तिच्या हातून फार सांडतं.


२६ मार्च

सापडला, जिवंत. तळघरात ठेवला होता. कांताने साबुदाण्याची खीर केली, जणू तो हिचाच भाऊ. मला चार चमचे गेली, पण चव लागली.


५ एप्रिल, रविवार

दिवसच फिरलेत. अ‍ॅटलेटिकोचा दम सुटला, अँटोन म्हणाला होता अगदी तस्सं. सोसिएदादने आपल्या मैदानावर माद्रिदला तीन-एक धुतलंय. माद्रिदशी गुण सारखे झाले तर आपापसातल्या मॅचमधल्या गोलांवर लीग सोसिएदादची. आता एवढंच की शेवटपर्यंत पडू नये.

मी मागच्या खोलीत, पलंगावरच असतो आता. पोट पुढे आलंय, हातपाय काड्या. पुरुषोत्तमने सुई घालून पाणी काढलं. "अल्सरचं पाणी असं असतं का?" मी विचारलं. तो म्हणाला, "कधीकधी." तो माझ्याकडे न बघता बोलतो हल्ली. मला वाटतं ऑपरेशनमध्ये त्या सर्जनने काहीतरी चूक केलीय आणि हा त्याला पाठीशी घालतोय. बरा झालो की दुसर्‍या डॉक्टरला दाखवणार आहे, पुरुषोत्तमला न सांगता.

नोकरी मात्र अजून गेली नाही. वॉल्टर स्वतः घरी येऊन फुलं देऊन गेला. चमत्कारिक माणूस आहे.


१९ एप्रिल

एक मॅच राहिली. सोसिएदादला खिखोनला जाऊन फक्त बरोबरी हवी. हरले आणि तिकडे माद्रिद जिंकलं, तर मागच्या वर्षीचाच पाढा. अँटोनने आज इस्टरच्या दिवशी चर्चमध्ये किती वेळ गुडघे टेकले कोण जाणे, पँटला डाग घेऊन आला.

वजन करायचं मी सोडून दिलंय.


२६ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहितो.

आज घड्याळं एक तास पुढे करायची होती, आणि घरात कोणाच्याच लक्षात नव्हतं. अँटोन दार वाजवत ओरडत आला, मॅच सुरू होतेय. त्याने मला उचलून उशांना टेकवून बसवलं. मेंढरू उचलावं तसं उचललं, काही जडच गेलं नाही त्याला. कांता पायाशी, दीपा खाली कार्पेटवर.

तिकडे पाऊस, चिखल. सोसिएदादने आधी पेनल्टीवर गोल केला. मग खिखोनने एक फेडला. मग दुसराही घातला. दोन-एक मागे. अँटोनने भाषांतर करायचं बंद केलं. दुसरीकडून बातमी आली की माद्रिदने आपली मॅच जिंकली, त्यांचे लोक नाचताहेत. वेळ जवळजवळ संपलेली. अँटोनने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, हा माणूस आता परत उभा राहत नाही.

आणि मग रेडिओतला माणूस किंचाळला. गोल कळायला भाषा लागत नाही. दोन-दोन. थोड्याच वेळात शिटी. लीग सोसिएदादची.

अँटोन गुडघ्यांवर पडला. माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला, तो रडत होता, मीही रडत होतो. आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "मी देवाला सांगितलं होतं. म्हटलं, डॉक्टर म्हणतात धर्मा मे महिना बघणार नाही, पण एवढं ऐकू दे त्याला. एवढं ऐकू दे, मग ने. बघ, ऐकलं त्याने."

"अँटोन," कांता म्हणाली. फक्त एवढंच.

रेडिओ ओरडत होता. कोणी बंद करेना. मी अँटोनकडे बघितलं, त्याने तोंडावर हात ठेवला होता. कांताकडे बघितलं. मग दीपाकडे. तिला वाटत होतं की मी तिच्यावर ओरडणार आहे. बारा वर्षांचं पोर, भिंतीला पाठ लावून बसलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"आई सेड यू विल गिव्ह अप," ती म्हणाली. "आय वॉन्टेड टू टेल यू, बाबा. आय रिअली वॉन्टेड टू."


२७ एप्रिल

कॅन्सर. पोटाचा. ऑक्टोबरात उघडलं तेव्हाच पसरलेला होता. तो सर्जन माझा हात धरून मला हेच सांगायला बसला होता.

पुरुषोत्तमला बोलावून घेतलं. माझ्यात ओरडायची ताकद नाही याचं मला फार वाईट वाटलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी माझं मरण आपसात वाटून घेतलं, वॉल्टरला दिलं, अँटोनला दिलं, माझ्या पोरीला दिलं, आणि मला व्हिटॅमिन.

"धर्मा, आमच्या अण्णांनाही आम्ही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आपल्यात सांगतात का रे पेशंटला? शांतपणे गेले ते. शेवटपर्यंत आशा होती त्यांना."

"तुझ्या अण्णांना कुठे जायचं होतं का?"

तो स्टेथोस्कोप बॅगेत ठेवायला लागला.

"मला जायचं होतं. डिसेंबरात मला धरून विमानात कोंबायचं होतंस. मी नाही म्हणालो, कारण मला वाटलं नोकरी जातेय. मला वाटलं वजन भरेल. अरे, मी फुटबॉल ऐकत बसलो इथे."

कांता म्हणाली, "मी किती पाया पडले तुमच्या."

"का जायचं ते नाही ना सांगितलंस."

"कसं सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठल्या तोंडाने सांगायचं असतं ते? मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. तुम्ही उठून विचारायचात, काल कोण जिंकलं. मग मला नाही व्हायचं."

मी तिच्यावर रागावलोय. फार रागावलोय. तरी संध्याकाळी तिनेच पाठ चोळून दिली आणि मी चोळून घेतली.

आता जाता येईल का, हे पुरुषोत्तमला विचारलं. नाही. विमानात चढवणारच नाहीत, चढवलं तरी मुंबईपर्यंत पोचणार नाही. मायला आणायचं म्हटलं तर तिच्याकडे पासपोर्ट कुठला. तिने आयुष्यात नागपूरच्या पलीकडे मुंबई तेवढी पाहिलीय, चैत्यभूमीला गेली तेव्हा.


३० एप्रिल

अँटोन तीन दिवस आला नव्हता. आज आला, टोपी हातात घेऊन दारातच उभा. मी म्हटलं, आत ये, एकटा तूच खरं बोललास. तो म्हणाला, चुकून बोललो. बसला खूप वेळ. दोघांनी सोसिएदादबद्दल चकार शब्द काढला नाही.

ठरवलंय. मायला मी स्वतः सांगणार. माझ्यासारखं तिचं होता कामा नये. मी गेल्यावर तिला तार मिळावी आणि तेव्हा कळावं की पोरगा सात महिने मरत होता, हे बरोबर नाही. जिने मनगटाला गाठ मारून मला माणसांत नेलं, तिला खरं कळायचा हक्क आहे. बाबासाहेबांची लेकरं आपण, खोट्या आशेवर जगायचं नाही. रविवारी ट्रंक कॉल बुक करायला कांताला सांगितलं. कुमारला तार केली, मायला फोनजवळ आणून ठेव.


३ मे, रविवार

कॉल सकाळी लागला. घराजवळच्या मेडिकल स्टोअरवाल्याकडे फोन आहे, तिथे माय संध्याकाळपासून बसली होती. कांताने रिसीव्हर माझ्या कानाला धरला. मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं: माय, मला मोठा आजार आहे, मी आता येऊ शकत नाही.

"कोण, धर्मा?"

"हो माय."

"लांबून येऊन राहिला रे तुहा आवाज."

"लांबच आहे मी."

"बरा आहेस ना बापा? कुमारनं तार वाचली तं माह्या पोटात गोळाच आला. म्हटलं, अमेरिकेतून फोन काहून करून राहिला."

मी तोंड उघडलं. ती बोलतच होती. फोनचे पैसे लागतात म्हणून घाईघाईने सगळं सांगून टाकायचं तिचं असतं. म्हणाली, मागच्या डिसेंबरात तू येशील म्हणून समोरची खोली पोतून ठेवली होती, तू आला नाहीस, मग तिथे कोणाला झोपू दिलं नाही. कुमारच्या पोरांना रागावते, ती माह्या धर्माची खोली आहे म्हणून. ऑपरेशनचं पोट भरलं का? जेवून राहिला का बराबर?

"हो माय. भरलं."

"मंग कवा येतं?"

कांता माझ्याकडे बघत होती. दीपा दारात होती. मी वाक्य आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला.

"डिसेंबरात येतो, माय."

"पक्कं ना?"

"पक्कं."

तिने फोन तोंडाजवळच धरून दुकानातल्या लोकांना सांगितलं, "माहा धर्मा डिसेंबरात येऊन राहिला." कोणीतरी म्हणालं, वा बाई. मग लाइन गेली.

कांताने रिसीव्हर जागेवर ठेवला. कुमारला उद्या पत्र लिही म्हणून मी तिला सांगितलं. त्याला सगळं खरं लिही, आणि खाली लिही की मायला काही कळता कामा नये. ती हो म्हणाली.